एकच शब्द

रशिया सोडून जॉर्जियात, तिबिलिसीला येऊन तीन वर्षं झाली, तरी रिम्मा रशियनमध्येच लिहीत होती. नवी कादंबरी वाचून मॉस्कोहून तिच्या जुन्या मित्राचा, प्रकाशक केशाचा फोन आला.

“छापतो गं, पण तेवढा एक शब्द बदल, त्यापायी इथं तुरुंगात टाकतात. त्याऐवजी सरकार म्हणतं तसं ‘मोहीम’ लिही.”

“युद्धाला युद्धच म्हणणार मी!”

“हट्ट सोड. त्या परक्या गावात तुझं रशियन वाचणार कोण? एका शब्दानं काय बिघडतं?”

रिम्माचा तोल सुटला. “लाज वाटते का रे? माझ्या लेकाच्या, ग्लेबच्या शवपेटीला तूच खांदा दिलास ना? मग त्याच्या आईला तोंडावर सांग, तुझं पोरगं युद्धात मेलंच नाही म्हणून!”

मग केशा कुजबुजला, “अगं हळू! फोनवर तरी तो शब्द नको.”