बिननंबरी हाक

वॉर्डाच्या मुख्य सिस्टरांचा रुग्णांच्या हाका दाखवणाऱ्या, मी बनवलेल्या स्क्रीनवरचा विश्वासच उडाला होता. गेल्या आठवड्यात एक आजोबा बाथरूममध्ये घसरले, मदतीचं बटण दाबत राहिले, स्क्रीन ढिम्म. तेव्हापासून बाथरूममध्ये माझ्या नाकावर टिच्चून पितळी घंटा टांगलेली होती. आज मी निरोप पोहोचवणारी नवी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, स्क्रीनच्या कोडमध्ये बसवली. कुठल्या निरोपात काय हवंच, हे तिला आधी सांगावं लागतं. मी सांगितलं, प्रत्येक हाकेबरोबर खाटेचा नंबर हवा. लगेच कोडमधल्या बाथरूमच्या बटणाच्या ओळीखाली चूक दाखवणारी लाल रेघ उमटली. बाथरूमला कुठली खाट? बिननंबरी हाक स्क्रीन मुकाट्यानं टाकून देत होती. “सापडलं,” मी म्हणाले. “आधी चालवून दाखव,” सिस्टर म्हणाल्या. मी नंबराऐवजी जागेचं नाव लावलं. आजोबांनीच बटण दाबलं आणि स्क्रीनवर ‘बाथरूम’ उजळलं. सिस्टरांनी घंटा काढून तिच्यात कापूस कोंबला. “निजू दे आता हिला.”