निल्लास दादाची स्नोमोबाईल

आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येकाला स्वतःचा एक सूर मिळतो. तो गुणगुणला की ते माणूस तिथे येतं, म्हणून गेलेल्याचा सूर एकट्याने गुणगुणायचा नाही.

निल्लास दादा वसंतात तळ्याच्या बर्फाखाली गेला. त्याची स्नोमोबाईल, बर्फावरून धावणारी गाडी, काठावर उभी होती. उन्हाळाभर ती शेडमध्ये पडून राहिली. आज रेनडिअरचा कळप डोंगरावरून खाली आणायचा, तर ती चालू करायलाच हवी होती.

उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत कोंबलेला बोळा मी काढला, प्लग पुसले, नवं पेट्रोल भरलं. सुरक्षेची दोरी कमरेला अडकवली. चालवणारा पडला की ही दोरी गाडीतून निसटते आणि इंजिन बंद पडतं. मग स्टार्टरला हिसके देत बसले.

"अगं मारेत, वासरू आहे का ते गोंजारायला? ओढ की जोरात!" बाहेरून रिस्तेन मावशी ओरडली. "तुझ्या दादाने एव्हाना कळप घरी आणला असता!"

दातओठ खात मी ओढलं. इंजिन धडधडलं, आणि माझ्या लक्षात आलं, मी मघापासून दादाचाच सूर गुणगुणत होते.

मी ओठ घट्ट मिटले.

सीट हळूच दबली, कुणीतरी बसावं तशी.

"मावशी!"

"काही ऐकू येत नाही गं! आधी ते इंजिन बंद कर!"

मी दाराकडे धावले. कमरेची दोरी ताणली गेली, पण निसटली नाही. इंजिनही थांबलं नाही.

मागे कुणीतरी गुणगुणायला लागलं. आवाज दादाचा होता.

सूर माझा होता.