नावेच्या फळ्यांची भिंत

कनॉवा नदीकाठी जुन्या नावेचं लाकूड कुणी वाया घालवत नसे. मिठाची पिंपं वाहणाऱ्या ज्या नावेवरून पडून केझायाचा नवरा बुडाला, तीच मोडून तिच्या दिराने, लेमने, घर बांधलं आणि तिला चुलीपाशी जागा दिली. उपकारच म्हणायचे.

"मी हात दिला होता, वहिनी. पोचला नाही," एवढंच तो तेव्हा म्हणाला होता.

या उन्हाळ्यात नदी इतकी आटली की गुरं चालत पलीकडे जात. अंगणात धूळ उडत होती, आणि घराची एक भिंत मात्र पाझरत होती. दुपारी जेवायला बसलं की त्या भिंतीवर बाहेरून, अगदी जमिनीलगत, थापा पडत. ओल्या तळव्याच्या.

"लाकूड फुगतंय," लेम म्हणाला.

"या दुष्काळात? पाणी कुठलं पितंय मेलं?"

"दादाच आलाय म्हण ना!"

"मी कशाला म्हणू? तुम्हीच म्हणालात, भावोजी."

घास टाकून तो तरातरा बाहेर गेला. वाळल्या मातीत त्याची पावलं भिंतीपर्यंत वाजली आणि थांबली. थापाही थांबल्या.

मग पुन्हा सुरू झाल्या. आता दोघांच्या होत्या, आणि त्यातल्या एकाच्या फार घाईच्या.

"वहिनी!" घशात पाणी गेल्यासारखा लेमचा आवाज आला. "वर ओढ! हात दे!"

केझायाने त्याच्या ताटातली मक्याची भाकरी आपल्या ताटात घेतली. उठून पाझरत्या फळीवर तळवा टेकवला, आणि काढून घेतला.

"दिला हो, भावोजी," ती म्हणाली. "पोचला नाही."