राओगोचं तोंड

मलेरिया टाळायचं औषध घेऊन राओगो पावसाळाभर दारोदार हिंडायचा आणि पाठ केलेलं भाषण ठोकायचा. पारेबाईंच्या लेकीनं मात्र ओठ घट्ट मिटले.

"अगं, साखरेसारखं गोड आहे!"

पारेबाई सामो, राओगो मोसी. या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत.

"गोड ना, गुलामा? मग बोट बुडवून तूच चाट!"

राओगोनं चाटलं. डोळे मिटले, नाक आक्रसलं, कानसुद्धा हलले. पोरगी खदाखदा हसली आणि पारेबाईंनी तेवढ्यात चमचा तिच्या तोंडात सारला.

पुढच्या अंगणात तो भाषणासाठी खाकरला, तर पोरं आधीच रांगेत.

"काका, भाषण नको. ते वाकडं तोंड करा!"

गावात अजून एकेचाळीस घरं उरली होती.