मौनाचा पहिला हाफ

काळ्या टेपचं रीळ घेऊन वायरमन स्टँडच्या ओळीओळीतून फिरत होता आणि बोटभर पट्टी कापून एकेकाच्या हातावर ठेवत होता. "पहिला हाफ संपेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. शिंक आली तर गिळायची."

मास्तरला गुरुवारी काढलं होतं. अकरा वर्षं फुटबॉल टीमचा कोच, आणि मालकाचं दोन ओळींचं पत्र: मैदानाच्या कडेला उभं राहून आरडाओरडा करणं क्लबच्या प्रतिमेला शोभत नाही. घ्या! उद्या मासा पोहतो म्हणून त्यालाही नोटीस द्याल. नव्वद मिनिटं तो माणूस घसा फाटेस्तोवर ओरडायचा, आणि खेळाडूंना त्याने स्वतः ठेवलेल्या नावांनी हाका मारायचा. उंचाडा बॅक म्हणजे शिडी. कडेने सुसाट सुटणारा तो घाई. आणि गोलसमोर उभं राहून पास कधी वाढला जातोय याची वाट बघणारा तो जावई. अख्खा स्टँड मास्तरवर जीव टाकायचा. म्हणूनच आज सगळ्यांनी निषेध म्हणून तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं.

कोच उभा राहतो त्याच्या बरोबर मागे, पहिल्या ओळीत, काका-काकू बसले होते. काकांच्या मांडीवर डबा, डब्यावर उलटं ठेवलेलं झाकण, आणि झाकणाच्या मधोमध कोटाचं एक बटण. काकांची दृष्टी नऊ वर्षांपूर्वी गेली, पण मॅच एकही चुकली नाही. "शिडी, डावीकडे!" असं मास्तर ओरडला की काका बटण डावीकडे सरकवायचे. "घाई, सोड आता!" की बटण पुढे. शेजारच्या डोळस लोकांचा कधीमधी गोल हुकायचा, काकांचा नाही. काकू शब्दकोडं सोडवत बसायच्या आणि दर दहा मिनिटांनी विचारायच्या, "किती उरलंय हो?" काका म्हणायचे, "अजून खूप आहे."

दोघांनीही तोंडावर पट्टी लावली. शिट्टी झाली. नवा कोच इस्त्रीच्या कोटात, खिशात हात घालून उभा राहिला. दुकानातला पुतळा तरी बरा, त्याला बघून कपडे विकले जातात. चार हजार माणसं चिडीचूप. चेंडूला बूट लागल्याचे आवाज तेवढे येत होते, धप्, धप्, पण कुठून ते काकांना कळायला मार्ग नव्हता.

काकांनी कान टवकारले. बोट बटणावर. दोन मिनिटं गेली, पाच गेली. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. दहाव्या मिनिटाला त्यांनी बटण उचलून खिशात टाकलं आणि झाकण डब्याला लावून टाकलं.

काकूंनी ते पाहिलं. मॅच संपायच्या आत काकांनी ते झाकण आजवर एकदाही लावलं नव्हतं. त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं, तोंडावरच्या पट्टीचं टोक धरलं आणि खस्सकन ओढलं. "आई गं!" हा त्या दिवशी स्टँडमधून आलेला पहिला आवाज.

वायरमन धावत आला. स्वतःची पट्टी अर्धी सोडवून कुजबुजला, "काकू, ठरलंय ना आपलं! मास्तरसाठीच चाललंय हे."

"ओरडतो म्हणूनच काढला ना त्याला? मग गप्प बसून तुम्ही मालकाचंच काम करताय की," काकू म्हणाल्या. "ते राहू दे. तुमचं मौन तुमच्यापाशी ठेवा. माझ्या माणसाला दिसत नाहीये."

त्या उभ्या राहिल्या. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण नऊ वर्षं कानावर पडलेलं जातं कुठे? त्यांनी पहिल्यांदाच मैदानाकडे नीट पाहिलं. चेंडू त्या उंचाड्याकडे होता.

"शिडी!" आवाज चिरकला. "शिडी, डावीकडे बघ!"

शिडीची मान सवयीने डावीकडे वळली. तिकडे घाई मोकळा होता. चेंडू गेला.

काकांनी झाकण काढून उलटं ठेवलं. खिशातलं बटण बाहेर आलं, मध्यावर टेकलं आणि डावीकडे सरकलं.

"घाई, कडेने! थांबू नकोस! अगं बाई, हा जाडा कुठून आडवा आला!" मास्तरचं बोलता बोलता काकू मध्येच स्वतःचं बोलत होत्या, पण चेंडू कुठे आहे ते कळत होतं. मागे कुणीतरी टर्रकन पट्टी ओढली. मग आणखी एकाने. मग तो आवाज ओळीओळीने वर चढत गेला. वायरमनने एकदा हातातल्या रिळाकडे पाहिलं, अर्ध्या मिशीसकट आपली पट्टी उपटली आणि मास्तरचं ठेवणीतलं वाक्य ठोकून दिलं, "जावई, ताट वाढून मिळणार नाही, पुढे हो!"

जावई पुढे झाला.

नव्या कोचने वळून शांत राहायची खूण केली. त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? चार हजार मास्तर एकदम ओरडत होते. आता आपलं काय काम, म्हणून काकू बसायला गेल्या, तर काकांनी त्यांची बाही धरली. दुसऱ्या हाताने त्यांनी आपल्या तोंडावरची पट्टी सोडवली.

"बसू नकोस," ते म्हणाले. "या गलक्यात मला काही कळत नाही. तू सांग."

काकू उभ्याच राहिल्या.

"किती उरलंय गं?" काकांनी विचारलं.

"अजून खूप आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी घसा खाकरला.