उपास

"गाठ एकटी वाढत नाही," डॉक्टरांनी आईला समजावलं. "ती शेजारच्या निरोगी पेशींना निरोप धाडते. त्या भुलतात, तिच्यापर्यंत रक्तवाहिन्या नेतात आणि तिला पोसतात."

"म्हणजे माझ्याच घरचे तिला जेवू घालतायत," आई हसली. "मीच जेवले नाही, तर काय वाढतील?" जन्मभर उपास केलेल्या बाईला ते अवघड नव्हतं. डॉक्टर रागावले, मी विनवलं. तिने ऐकलं नाही.

पुढच्या तपासणीत आई निम्मी झाली होती आणि गाठ दुप्पट.

"खंगली का गं ती?" तिने विचारलं.

"हो," मी खोटंच सांगितलं आणि भाताचा घास पुढे केला. "आता तरी जेव."

तिने माझा हात बाजूला सारला. "आता तर मुळीच नको. मरायला टेकलीय ती."