फ्लॉपीवरची विभूती

दुसऱ्या दिवशी परळीत माझ्या कॉम्प्युटर क्लासचं उद्घाटन होतं आणि मशीनमध्ये अजून विंडोज नव्हतं. ते चढवायला लागणारी बूट फ्लॉपी मी तयार केली, तर वडलांनी तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले.

"किराणा दुकानाचा नवा काटा बी इभूतीबिगर चालू करत न्हाई आपण," आप्पा म्हणाले.

"परळीत थर्मलच्या चिमण्यांची राख काय कमी हाय का?" म्हणत मी फ्लॉपी सदऱ्याला पुसली. कपाळाला विभूती लावणं मी कॉलेजातच सोडलं होतं.

फ्लॉपी आत जाऊन करकरली. काळ्या पडद्यात माझा चेहरा दिसला. त्याच्या कपाळावर तीन पट्टे होते.

मी कपाळ चोळलं, बोटांना काहीच लागलं नाही. काच पुसली, तरी पट्टे गेले नाहीत.

पुढे जायला एंटर दाबा, असं पडद्यावर आलं. मी घाबरून दोन्ही हात मागे घेतले. काचेतल्यानं घेतले नाहीत. त्यानं बोट खाली आणलं आणि माझ्यासमोरचं बटण दबलं.

आप्पांनी खुर्ची पुढे ओढून काचेत निरखून पाहिलं.

"ह्यो ऐकतो," ते म्हणाले. "क्लास ह्योच चालवंल. तू दुकानावर बस."